उसन्या श्वासाचा हिशेब

मोटारीचे एंजिन हे श्वास घेणारे यंत्र होय. जितकी हवा सिलिंडरात शिरेल तितकेच इंधन जळणार आणि तितकीच शक्ती निपजणार. ही मर्यादा ओलांडण्याची युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यांना सुचली आणि 1905 साली तिचे पेटंट झाले. एंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंच्या झोताने एक चक्र फिरवावे, आणि त्याच आसावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरावी, अशी ती युक्ती. 1918 साली अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस यांनी विमानाचे एंजिन पाइक्स पीक या सुमारे 14,000 फूट उंचीच्या शिखरावर नेले, आणि टर्बोच्या साह्याने तेथील विरळ हवेतही ते समुद्रसपाटीइतकी शक्ती देते, हे दाखवून दिले. पुढे 1925 साली ब्यूखी यांनी डीझेल एंजिनाची शक्ती 40 टक्क्यांहून अधिक वाढविली.

मोटारीची पाळी आली 1962 साली. त्या वर्षी अमेरिकेत दोन टर्बो मोटारी विक्रीस आल्या. दोहोंची एंजिने मुळात टर्बोविना घडविलेली होती. हवा अधिक दाबली म्हणजे ती अधिक तापते. मग ज्योत पोहोचण्यापूर्वीच मिश्रणाचा काही भाग आपोआप पेट घेतो आणि एंजिन ठोकू लागते. ते दीर्घकाळ ठोकत राहिले तर पिस्टनची हानी अटळ. शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या रचनाकारांनी म्हणून संपीडनाचे प्रमाण 8 ला 1 इतके उतरविले. ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये मात्र ते 10.25 ला 1 इतके चढेच राहिले. ठोकणे टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण एंजिनात फवारण्याची योजना झाली आणि त्यासाठी वेगळी टाकी बसविण्यात आली. मोटारीने 215 अश्वशक्तीचा पल्ला गाठला खरा. पण टाकी रिकामी होताच शक्ती आपोआप आखडती घेतली जाई, आणि ती भरण्याचा अनेक मालकांना विसर पडे. 1963 नंतर जेटफायरचे उत्पादन थांबले.

सारी साधने हाताशी असलेल्या कारखान्याची ही कथा, तर गल्लीतल्या गॅरेजात साध्या मोटारीला टर्बो जोडणाऱ्याने किती सावध असावे! इंधनाचे माप, ठिणगीची वेळ, तेल व थंडाव्याची सोय, क्लच, गिअर आणि ब्रेक हे सर्व मूळच्या शक्तीच्या बेताने ठरविलेले असते. एकट्या शक्तीत भर घातली की तो सारा मेळ बिघडतो.

आपल्या देशात कायदाही येथे आडवा येतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा फेरबदल मालकास करता येत नाही. इंधनबदलासारख्या ठरावीक बाबींना तेवढी सवलत आहे. 2019 च्या दुरुस्तीने अननुज्ञात फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दर फेरबदलामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याचे लेखी उत्तर घेणे हेच शहाणपणाचे.

राहिला विमा. विमा हा पूर्ण सद्भावनेचा करार असतो. जोखीम वाढविणारी गोष्ट कंपनीपासून लपविली, तर नेमक्या गरजेच्या वेळी ती भरपाई नाकारू शकते. हप्ते नियमित भरले होते, ही सबब तेव्हा उपयोगी पडत नाही. आणि अपघातात सापडतो तो पुष्कळदा रस्त्याने पायी चाललेला, या हौसेशी काडीचाही संबंध नसलेला माणूस. म्हणून ज्याला वेगाची आवड आहे, त्याने कारखान्यातूनच टर्बोसह घडलेली व तशीच नोंदलेली मोटार घ्यावी. तीत या उसन्या श्वासाचा हिशेब रचनाकारांनी आधीच मांडलेला असतो.