राणीमाशी मेली तर पेटीचं काय होतं? छोट्या पेटीत नवी राणी तयार करण्याची गोष्ट

गच्चीवर किंवा परसात हौसेने सातेरी मधमाश्यांच्या एक-दोन पेट्या ठेवणारे लोक आता बरेच दिसतात. मध किती निघाला याचे फोटो ते टाकतात. पण एक दिवस पेटी उघडावी आणि कुठेच अंडी दिसू नयेत, हा फोटो सहसा कुणी टाकत नाही. अंडी नाहीत म्हणजे बहुतेक वेळा राणी नाही. आणि राणी नाही म्हणजे तुमच्याकडे मोजके दिवस आहेत.

किती? हिशोब सोपा आहे. अंडं तीन दिवस अंडंच राहतं, मग त्यातून अळी निघते. फलित अंड्यातून आलेली अळी कामकरी होणार की राणी, हे तिला मिळणाऱ्या खाण्यावर ठरतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्याच अळ्यांना दाईचं काम करणाऱ्या कोवळ्या माश्या आपल्या डोक्यातल्या ग्रंथींतून पाझरणारा चीक भरवतात. पुढे कामकरी अळीच्या खाण्यात मध आणि पराग मिसळू लागतात; राणी होणाऱ्या अळीला मात्र शेवटपर्यंत राजान्न, म्हणजेच रॉयल जेली मिळतं, तेही अळी त्यात तरंगेल इतकं. म्हणजे राणी गेल्यानंतर जेमतेम सहा दिवसांनी पेटीत राणी बनवण्याजोगी अळीच उरत नाही. चांगली राणी हवी असेल तर अळी एका दिवसापेक्षा मोठी नको, म्हणजे चारच दिवस.

ही वेळ चुकली की काही कामकरी माश्या स्वतःच अंडी घालू लागतात. सातेरीत हे युरोपीय माशीपेक्षा लवकर होतं. एकेका घरात दोन-तीन अंडी दिसली की समजायचं. या माश्यांचं मीलन झालेलं नसतं, त्यामुळे त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. नर मध खातात, आणत नाहीत. पुढे पेटी रिकामी होते आणि मेणकिडा उरतो.

म्हणून शहाणा मधपाळ राणी मरायची वाट बघत नाही. पेटी भरभरून असताना तो एक जास्तीची राणी तयार करून ठेवतो.

मोठ्यांची पद्धत छोट्यांना का चालत नाही

राणीपालनाचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले किंवा युरोपातले असतात. त्यात बारीक सुईने अळ्या उचलून मेणाच्या वाट्यांत ठेवतात, एका पेटीत तीस-चाळीस. ही कलमाची पद्धत अमेरिकेतल्या गिल्बर्ट डूलिटल यांनी १८८९ च्या पुस्तकातून लोकप्रिय केली आणि धंद्यासाठी ती आजही उत्तम आहे. पण ती पेटी हजारो कोवळ्या माश्यांनी भरलेली असते. तुमच्या चार-पाच फ्रेमच्या सातेरी पेटीत तीस वाट्या दिल्या तर दायांना सगळ्यांना पुरेसं भरवता येत नाही. शिवाय वाढत्या पिल्लांना साधारण ३३ ते ३५ अंश उब लागते. माश्या विरळ असतील तर कडेच्या वाट्या गारठतात. अर्धपोटी वाढलेली राणी दिसायला राणीच असते, पण अंडी कमी घालते. छोट्या पेटीकडून तीन-चार राण्यांच्या वर अपेक्षा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग करायचं काय? पराग भरपूर येत असताना आणि पेटीत नरांची घरं दिसू लागली की, राणी बसलेली फ्रेम माश्यांसकट उचलून दुसऱ्या लहान पेटीत ठेवायची. सोबत मधाची एक फ्रेम. मूळ पेटीत अंडी, लहान अळ्या आणि जास्तीत जास्त माश्या राहू द्यायच्या. काही तासांतच त्यांना राणी नसल्याचं कळतं आणि त्या राणीघरं बांधायला घेतात. या काळात मध कमी असेल तर साखरेचा पाक द्या.

चौथ्या दिवशी सकाळी पेटी उघडा. जी राणीघरं एवढ्यात बंद झाली असतील ती मोडा. हे जिवावर येतं, पण कारण आहे: अळीचे दिवस पाचच असतात, तेव्हा इतक्या लवकर बंद झालेलं घर म्हणजे माश्यांनी मोठी झालेली अळी निवडली होती. उघडी, राजान्नाने भरलेली तीन-चार ठेवा. बंद झाल्यावर त्यांना हलवू नका. आतला कोश फार नाजूक असतो. साधारण नवव्या दिवशी, राणी बाहेर पडायच्या आधी, जास्तीची राणीघरं आजूबाजूच्या मेणासकट कापून दुसरीकडे लावा. टोक खाली, जसं होतं तसंच. उशीर केलात तर पहिली बाहेर आलेली राणी बाकीच्यांना घरातच डंख मारून संपवते.

दुसरीकडे म्हणजे दोन फ्रेमची छोटी पेटी. एक फ्रेम पिल्लांची, एक खाण्याची, वर माश्या. दार एक-दोन माश्या जातील एवढंच, नाहीतर शेजारची मोठी पेटी मध लुटून नेते. पाय पाण्याच्या वाट्यांत, कारण अशक्त वसाहत मुंग्या एका रात्रीत हुसकावतात.

खरी परीक्षा हवेत

बाहेर पडल्यावर आठवडाभरात राणी मीलनासाठी उडते आणि हवेतच अनेक नरांशी तिचं मीलन होतं. हे नर आधीपासून तयार हवेत. अंड्यातून नर निघायलाच सुमारे २४ दिवस लागतात आणि नंतर पक्व व्हायला आणखी दीड आठवडा. एकच पेटी असणाऱ्यांची अडचण इथे आहे. राणीचा संबंध तिच्याच भावांशी आला आणि लिंग ठरवणारं जनुक दोघांकडून सारखंच आलं, तर त्या फलित अंड्यातून कामकरीऐवजी सदोष नर होतो आणि कामकरी त्या अळ्या खाऊन टाकतात. फ्रेमवर पिल्लांची घरं मध्येमध्ये रिकामी, चाळणीसारखी दिसतात. परिसरात झाडांच्या ढोलीत रानटी सातेरी असतील किंवा दोन-चार किलोमीटरवर दुसऱ्या कुणाच्या पेट्या असतील, तर हा धोका कमी होतो. शेजारच्या मधपाळाशी गोडी ठेवण्याचं हे रोकडं कारण.

आणि वेडा राघू? तारेवर बसलेला हा देखणा पक्षी उडती राणी टिपतो. त्यावर इलाज नाही. म्हणूनच एक नाही, दोन-तीन राण्या करायच्या.

राणी बाहेर पडल्यावर दोन आठवडे त्या पेटीला हात लावू नका. उत्सुकतेपोटी रोज झाकण काढणाऱ्यांच्या सातेरी पेटी सोडून निघून जातात, हे फार वेळा घडतं. मग उघडून फक्त अंडी बघा: एका घरात एक, तळाशी मध्यभागी. तीन आठवड्यांनंतरही अंडी नसतील तर राणी परत आलेली नाही असं धरा आणि ती वसाहत जुन्या राणीच्या पेटीला जोडून टाका. दोघींच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवला की माश्या तो कुरतडेपर्यंत वास एक होतो आणि मारामारी टळते.

एक शेवटचं. ऑनलाइन मिळते म्हणून युरोपीय मेलिफेराची राणी मागवून सातेरीच्या पेटीत सोडू नका. जाती वेगळ्या आहेत. ती मरेल, आणि तिच्यात गेलेले दिवस तुमच्या पेटीला परत मिळणार नाहीत.