मु. पो. सांगोला, पिन ४१३३०७

पाकिटावरचा पत्ता हल्ली कुणी फारसा वाचत नाही. लग्नपत्रिकाच मुळी व्हॉट्सॲपवर येते. पण एके काळी चारशे पाकिटांवर पत्ते लिहिणं हे घरातलं केवढं मोठं काम होतं! त्या कामात संगणक शिरला तेव्हा मराठी पत्त्याचं काय झालं, हे एकदा लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. म्हणून हा प्रपंच.

आधी आपला पत्ताच बघा. 'मु. पो.' म्हणजे मुक्काम आणि पोस्ट. गावात टपाल कार्यालय असेल तर दोन्ही एकच, म्हणून 'मु. पो. महूद'. नसेल तर 'मु.' एका गावाचा आणि 'पो.' दुसऱ्याच. मग तालुका, मग जिल्हा. सांगोल्याकडे कितीतरी माणसं गावठाणात न राहता रानात वस्तीवर राहतात, त्यामुळे गावाच्या आधी वस्तीचं नाव आलंच. घराला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही. वर 'रा. रा.' किंवा 'श्री.', मधे वडिलांचं नाव, आणि कुणी कुणाकडे राहत असेल तर 'द्वारा'. सहा-सात ओळी सहज व्हायच्या.

आणि एवढं लिहूनही घोटाळा व्हायचा तो होतोच. आमच्याच तालुक्यात वासूदजवळ अकोला नावाचं गाव आहे. आता 'अकोला' म्हटलं की सगळ्या महाराष्ट्राला विदर्भातलं अकोला आठवणार! तालुका-जिल्हा वाचला नाही, की पत्र पार तिकडे जाऊन यायचं. वडगाव, पिंपळगाव किती आहेत ते तर विचारूच नका. शिवाय भाषांचा प्रश्न. मराठीत लिहिलेला पत्ता तमिळ माणसाने कसा वाचायचा?

यावरचा उपाय काढला एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव, आणि दुसरीकडे संस्कृतचे कवी. त्यांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. (अमेरिकेत झिपकोड १९६३ साली आला होता.) सहा आकडे. आपला ४१३३०७ घ्या. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि नंतर वेगळं झालेलं छत्तीसगड. पहिले तीन मिळून ४१३ म्हणजे टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, आणि शेवटचे तीन म्हणजे सांगोल्याचं टपाल कार्यालय. गंमत अशी, की टपालाचा जिल्हा आणि कलेक्टरचा जिल्हा एक नव्हे. बारामती ४१३१०२, लातूर ४१३५१२, सगळी आपल्याच ४१३ मधली! २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण ४१३५०१ जागचा हलला नाही. आकड्याला भाषा नाही आणि नामांतरही नाही.

आता संगणकाकडे वळू. मागून डिंक असलेलं, नुसतं सोलून चिकटवायचं लेबल स्टॅन्टन ॲव्हरी या अमेरिकन माणसाने १९३५ साली बाजारात आणलं. ऐंशीच्या दशकात संगणकांवर वर्डस्टारचं मेलमर्ज आणि डीबेस थ्री प्लस आलं. डीबेसमधे लेबलासाठी खास सोय होती. मुळात ठरवून दिलेलं माप काय, तर पाच ओळी आणि एका ओळीत पस्तीस अक्षरं. अमेरिकेतल्या माणसाचा पत्ता त्यात ऐसपैस बसायचा. नाव, रस्ता, शहर, झिप, झालं! आपल्या वस्तीवरच्या माणसाला त्यात कोंबायचं म्हणजे कुणाला तरी बाहेर ठेवावं लागायचं. बहुतेक वेळा 'रा. रा.' आधी गेले.

दुसरी अडचण अक्षरांची. मराठी संगणकावर आणायची खटपट आपल्याकडे जोरात चालू होती. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं, ते संगणकात बसवलं की देवनागरी उमटायची. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. पण ते घरोघरी पोचायला वेळ लागला. विंडोजमधे देवनागरी आली ती विंडोज २००० पासून. आमच्या सांगोल्याच्या घरी २००१ साली जो संगणक आला त्यात होतं विंडोज ९८. म्हणजे मराठी हवी तर एकच मार्ग, फॉन्ट.

हे फॉन्ट म्हणजे सोंग होतं. तुम्ही रोमन अक्षर टाइप करायचं, संगणक रोमन अक्षरच साठवून ठेवायचा, फक्त पडद्यावर आणि कागदावर त्याला मराठी मुखवटा चढायचा. प्रत्येक फॉन्टचे मुखवटे वेगळे. घरात लग्न निघालं तेव्हा वडिलांच्या डायरीतले जवळजवळ चारशे पत्ते आम्ही असेच टाइप केले. वर्डच्या मेलमर्जमधे रकाने तयार मिळायचे, आडनाव, हुद्दा, कंपनी, शहर, राज्य. तालुका कुठेच नाही! मग आम्ही तालुका 'कंपनी'च्या रकान्यात घातला. वस्ती गेली 'हुद्द्या'त.

यादी अकारविल्हे लावायला गेलो तर आणखी मजा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून फॉन्टमधे ती टाइपही आधीच करायची. त्यामुळे विठ्ठल, किसन, शिवाजी, दिगंबर आणि निवृत्ती सगळे एका रांगेत, आणि कमल मात्र किसनपासून कोसभर लांब. संगणकाच्या लेखी त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होत होती. शेवटी यादी लावली पिनकोडने. ए-फोर कागदावर तीन बाय आठ अशी चोवीस लेबलं. पाकिटांचे गठ्ठे पिनप्रमाणे आपोआप लागले.

घरातल्या थोरांना हे काही रुचलं नाही. चिकटवलेल्या नावाने कुणी जेवायला येतं का, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतंच. जवळच्या पाहुण्यांची पाकिटं हातानेच लिहिली गेली.

पुढे तो संगणक गेला, डायरीही काळाच्या ओघात गेली. राहिली एका सीडीवरची फाईल. गेल्या वर्षी सगळ्या भावकीला एकत्र बोलवायचं ठरलं तेव्हा ती उघडली. तो फॉन्ट आताच्या संगणकावर नाही. मुखवटा उतरला, आणि खाली नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. चारशे माणसांतलं एकाचं नाव वाचता येईना. पण प्रत्येक पत्त्याच्या शेवटी सहा आकडे मात्र जसेच्या तसे! आमच्या फॉन्टमधे आकड्याच्या जागी आकडाच होता. मुखवटा मराठीचा, पण आतला चार हा चारच.

मग मी नुसते आकडे वाचत बसलो... आणि घराण्याचा नकाशाच समोर आला. ४१३३०७ अर्थातच सगळ्यात जास्त. ४१५३०१ म्हणजे आटपाडी, तिकडे आमच्या मुली दिलेल्या. ४०००१२ म्हणजे लालबाग-परळ, गिरण्यांमधे गेलेली पिढी, १९८२ च्या संपानंतरही तिथेच राहिलेली. ४११०१८ म्हणजे पिंपरी, त्यांच्या पुढची. आणि ६४१ ने सुरू होणारे काही, म्हणजे कोईमतूर. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात गेलेली गलाईवाली मंडळी. दुष्काळी मुलुखातली माणसं कुठे कुठे पोटाला गेली, ते त्या आकड्यांत लिहिलेलं होतं.

पण पिन टपाल कार्यालयापर्यंतच नेतो. पुढचं? मी आत्याला फोन केला.

"आत्या, कोईमतूरला आपलं कोण गं?"

"आरं, थोरल्या मामाची दोन पोरं न्हवं का तिकडं, आटणीच्या दुकानात! धाकटा आता ऱ्हायला न्हाई. त्याचा पोरगा हाय."

असे एकेक गाव मी सांगत गेलो आणि ती नावं सांगत गेली. तीन संध्याकाळी लागल्या. यादी पुन्हा उभी राहिली, आणि फाईलमधे कधीच नव्हतं तेही तिच्यात आलं. कोण कुणाचा, कोण गेलं, कुणाशी बोलणं नाही आणि का.

मे २०२५ मधे टपाल खात्याने डिजिपिन आणलं. दहा अक्षर-आकड्यांत देशातली साधारण चार बाय चार मीटरची कुठलीही जागा सांगता येते. वस्तीवरच्या घरालाही आता स्वतःचा आकडा! वेलणकरांनी सुरू केलेलं काम दारापर्यंत पोचलं म्हणायचं. चांगलंच आहे. पण दाराच्या आत कोण राहतं, हे आत्यालाच विचारावं लागतं. तुमच्या घरी अशी आत्या असेल, तर जुन्या फाईली नंतर उघडा, आधी तिला फोन करा.

आमची नवी यादी यावेळी युनिकोडमधे आहे. 'तालुका' आणि 'वस्ती' असे स्वतंत्र रकाने आहेत. आणि शेवटचा एक रकाना आत्याच्या सांगण्यावरून घातलाय, 'आपले कोण'.