'क्वीन'चा स्त्रीवेष आणि अमेरिकेची नाराजी

रॉक संगीतातील विक्षिप्त चित्रफितींची आठवण निघाली की, ब्रिटनच्या 'क्वीन' या वाद्यवृंदाच्या 'आय वाँट टू ब्रेक फ्री' या १९८४ सालच्या गीताचा उल्लेख होतोच.

बेस गिटारवादक जॉन डीकन यांच्या या गीताच्या चित्रफितीचे दिग्दर्शन डेव्हिड मॅलेट यांनी केले. 'कोरोनेशन स्ट्रीट' या लोकप्रिय ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचे हे विडंबन होते. चौघेही कलाकार स्त्रीवेषात अवतरले. डीकन आजीबाई झाले, ड्रमवादक रॉजर टेलर शाळकरी मुलगी, तर गिटारवादक ब्रायन मे केसांना रोलर लावलेली गृहिणी. गायक फ्रेडी मर्क्युरी भरघोस मिशांसह व्हॅक्यूम क्लीनरने घर झाडताना दिसतात. पुढील भागात मात्र मिशा उतरवून त्यांनी रॉयल बॅलेच्या नर्तकांसह नृत्य केले.

ब्रिटिश प्रेक्षकांना हा विनोद लगेच उमगला आणि गीत तेथे तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. अमेरिकेत ती मालिका फारशी परिचित नव्हती. तेथे पुरुषांचा स्त्रीवेष अनेकांना खटकला, एमटीव्हीने चित्रफीत दाखवण्याचे टाळले आणि गीत ४५व्या क्रमांकावरच थांबले. १९८२ नंतर मर्क्युरी यांच्यासह 'क्वीन'चा अमेरिका दौरा पुन्हा झाला नाही.

झांजिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेल्या मर्क्युरी यांचे मूळ नाव फारोख बलसारा. त्यांचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. वाद्यवृंदाचे पहिले धडे त्यांनी तेथेच, 'द हेक्टिक्स' या विद्यार्थ्यांच्या चमूत गिरवले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.