जुन्या जीपचे नवे भाग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याच्या नाना पेठेत गाडीचा एखादा भाग मागायला गेलात, की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "ओरिजनल देऊ का डुप्लिकेट?" डुप्लिकेट म्हणजे स्वस्त, हलका, काहीसा फसवा माल, हे आपण गृहीतच धरतो. पण जी गाडी बनायची १९४५ साली थांबली, तिचा ओरिजनल भाग आता आणायचा कुठून? दुसऱ्या महायुद्धातली जीप आजही जगभर धावते आहे, ती या डुप्लिकेट मालाच्या जिवावर. त्या मालाचा इतिहास मला गाडीच्या इतिहासाइतकाच रंजक वाटतो.

गाडीचा जन्म थोडक्यात सांगतो. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने चारही चाकांना जोर देणारी एक छोटी, हलकी गाडी मागितली आणि नमुना तयार करायला मुदत दिली अवघी ४९ दिवसांची. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने ती पाळली. २३ सप्टेंबर १९४० रोजी तिची गाडी लष्कराच्या तळावर हजर झाली. पण एवढ्या छोट्या कंपनीला लाखांनी गाड्या पुरवणे जमणार नाही असे लष्कराने ठरवले आणि मोठे काम गेले विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोघांकडे. बँटमच्या वाट्याला पुढे जीपमागे ओढायचे ट्रेलर आले. हा अन्यायच होता असे मला वाटते, पण तो आजचा विषय नाही.

विषय आहे तो पुढे घडलेल्या गोष्टीचा. विलीजने सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्डने सुमारे २ लाख ८० हजार जीप बनवल्या, आणि लष्कराची अट अशी होती की एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या गाडीला बसलाच पाहिजे. रणांगणावर तीन मोडक्या जीप असतील तर त्यांतून एक धावती करता आली पाहिजे. मोटारींच्या दुनियेत दोन प्रतिस्पर्ध्यांनी इतके एकसारखे भाग काढण्याची वेळ क्वचितच आली असेल. तरी बारीक खुणा राहिल्याच. फोर्डने आपल्या कितीतरी भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, 'एफ' हे अक्षर उमटवले. चेसिसची पुढची आडवी पट्टी विलीजच्या गाडीत गोल नळीची, तर फोर्डच्या गाडीत उलट्या पन्हळीसारखी. पुढची जाळी विलीज आधी लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून बनवत असे. फोर्डने ती एकाच पत्र्यातून दाबून काढली, ती स्वस्त पडली, आणि विलीजनेही मग तीच घेतली. आज जीपची ओळख म्हणून आपण जी उभ्या फटींची जाळी मानतो, ती अशी प्रतिस्पर्ध्याकडून आलेली आहे.

युद्ध संपल्यावर या गाड्या जिथे होत्या तिथेच मोठ्या संख्येने राहिल्या. फिलिपिन्समध्ये मनिलाच्या कारागिरांनी त्या कापून लांब केल्या, छत चढवले, बाके टाकली आणि त्यांची जीपनी झाली. ठोकून पत्रा घडवण्याच्या त्याच कसबातून पुढे तिथे विलीजची संपूर्ण बॉडी नव्याने बनवणारे उद्योग उभे राहिले. एम. डी. हुआन हे त्यांतले जगभर माहीत असलेले नाव. अमेरिकेत जन्मलेल्या गाडीची नवी बॉडी अमेरिकेतल्या हौशी माणसाने मनिलाहून मागवायची, असा हा उलटा प्रवास! फ्रान्समध्ये आणखी वेगळे घडले. तिथल्या लष्कराने युद्धातल्या जीप पुन्हा पुन्हा उघडून नव्यासारख्या केल्या आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापासून हॉचकिस कंपनीकडून परवान्याने तशाच नव्याही बनवून घेतल्या. फ्रेंच लष्कराने आपली कोठारे रिकामी केली तेव्हा ग्रीसमध्ये बुडवून मेणकागदात गुंडाळलेले भाग बाजारात आले, आणि युरोपातल्या हौशी मंडळींची कित्येक वर्षांची सोय झाली.

आपल्याकडे जीपचा संसार दोन दारांनी आला. एक दार युद्धातल्या उरलेल्या मालाचे. बंगाल-आसामकडे अमेरिकी फौजांचे मोठे तळ होते. त्यांतल्या पानागढला आजही जुन्या गाड्या आणि त्यांचे भाग यांचा बाजार आहे. दुसरे दार मुंबईचे. १९४५ साली लुधियानात स्थापन झालेली महिंद्र अँड महंमद ही मूळची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव बदलले. सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीप जोडायला याच सुमारास सुरुवात झाली. त्याच १९४८ साली सरकारने इंग्लंडमार्फत जुन्या, दुरुस्त केलेल्या जीप मागवण्याचा करार केला होता. आल्या त्या जेमतेम दीडशेच्या आसपास, आणि त्याही लष्कराने नापसंत केल्या. 'जीप प्रकरण' म्हणून संसदेत गाजलेले ते हेच. राजकारण बाजूला ठेवून मी त्याच्याकडे मिस्त्रीच्या नजरेने पाहतो. जुनी गाडी दुरुस्त झाली आहे की नुसती रंगवली आहे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही तोच आहे.

महिंद्रने पुढे जे मॉडेल घेतले ते सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटचे. इंजिनाच्या डोक्यात व्हॉल्व्ह आल्यामुळे इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उंच. कलेक्टरची जीप, निवडणुकीची जीप आणि पुढे सातारा-सांगलीकडचे वडाप, हे सगळे याच घराण्यातले. घराणे दशकानुदशके चालू राहिल्यामुळे भागांचा धंदाही चालू राहिला. आयातीवर कडक बंधने होती, त्यामुळे बुश, गॅस्केट, गिअर, किंगपिन इथल्याच लहान कारखान्यांनी बनवायचे, हे ओघानेच आले. युद्धकाळातल्या इंजिनाचा खालचा भाग आणि चारही चाकांना जोर वाटून देणारी पेटी यांचे नाते या गाडीशी जवळचे असल्याने परदेशातले शौकीनही भारतीय भाग मागवू लागले. पण इथे एक गोम आहे. नाते जवळचे असले तरी जुळे नाही. गिअरबॉक्स वेगळा, मागचा अ‍ॅक्सल वेगळा, युद्धातली बॅटरी ६ व्होल्टची. "विलीजला बसेल" असे सांगून विकलेला भाग नेमक्या कोणत्या विलीजला बसेल, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता प्रत्यक्ष काम. भाग नव्याने घडवायचा तर नमुना हवा, आणि हाताशी असतो तो झिजलेला. समजा स्टिअरिंगमधला मधला खटका, ज्याला बेलक्रँक म्हणतात, त्याचा बुश करायचा आहे. जीपचे स्टिअरिंग ढिले पडते त्याचे एक मुख्य कारण हाच खटका. जुन्या बुशचे माप जसेच्या तसे घेतले, तर ८० वर्षांची झीजही आपण इमानेइतबारे नव्या भागात उतरवतो. चांगला टर्नर म्हणून जिथे घर्षण होत नाही तिथले माप आधी घेतो, तिथून मूळ आकडा इंचात काय असावा याचा अंदाज बांधतो आणि मग तो पुस्तकाशी ताडतो. पुस्तक आहे हे आपले नशीब. १९४४ सालची अमेरिकी लष्कराची दुरुस्ती-पुस्तिका आणि जी-५०३ या क्रमांकाची भागांची सूची आजही मिळते. तीत बहुतेक प्रत्येक नटबोल्टला क्रमांक आहे.

ओतकामात वेगळाच खेळ. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आक्रसते. जुनाच भाग वाळूत दाबून साचा केला, तर ३०० मिलिमीटरचा भाग ३ मिलिमीटरने लहान निघतो. गाडीत ३ मिलिमीटर म्हणजे डोंगर! म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ओतकामाच्या पेठेत पॅटर्नवाल्याकडे वेगळी पट्टी असते, तिच्या खुणा तेवढ्याच हिशेबाने लांबवलेल्या. लाकडी पॅटर्न त्या पट्टीने करायचा आणि जिथे मशीन फिरणार तिथे वर थोडे मांस ठेवायचे. मला ही पट्टी प्रथम दाखवली गेली तेव्हा नेहमीची पट्टी शेजारी ठेवूनच माझी खात्री पटली. आता थ्री-डी स्कॅनर आले आहेत, आणि काम झटपट होते हे खरे. पण स्कॅनरही झीज तितकीच काटेकोर टिपतो, आणि आकसण्याचा हिशेब कोणीतरी घालावाच लागतो.

आणि ओरिजनल नेहमीच श्रेष्ठ असते का? युद्धकाळातली, पेटीतून कधीच न काढलेली ब्रेकची रबरी नळी कोणी अभिमानाने दाखवली, तर तिला शोकेसमध्ये ठेवा, गाडीला लावू नका. रबर कपाटातही म्हातारे होते. आज नव्याने बनवलेली नळी तिच्याहून नक्कीच भरवशाची. ब्रेकच्या अस्तराचेही तसेच. जुन्यात अ‍ॅस्बेस्टॉस असे, घासून फुंकायला ते घातक. या दोन बाबतींत मी डुप्लिकेटच्या बाजूचा आहे आणि त्यात मला शंका नाही.

शंका येते ती दुसरीकडे. 'एफ' अक्षराचे बोल्ट आता नव्याने बनतात. मागच्या पत्र्यावर कंपनीचे नाव उमटवलेल्या बॉड्या मिळतात. सुरुवातीच्या काही महिन्यांच्याच जीपवर ते नाव असे, १९४२ मध्ये ते बंद झाले. डॅशबोर्डवरच्या माहितीच्या पट्ट्याही मिळतात, त्यावर क्रमांक ठोकायची जागा कोरी. ज्याची पट्टी गंजून गेली त्याला ही सोय मोठी आहे, आणि ज्याला चार गाड्यांच्या भंगारातून एक 'दुर्मीळ' गाडी उभी करून विकायची आहे त्यालाही. कारागीर तोच, माल तोच. माझे मत असे, की नव्या भागावर बनवणाऱ्याने आपली खूण करावी, सहज दिसणार नाही अशा जागी पण कायमची. काही करतात. बरेच करत नाहीत, कारण गिऱ्हाईकच नको म्हणते.

घेणाऱ्यासाठी एक साधी गोष्ट. चेसिसचा क्रमांक आधी पाहा, मग पुढची आडवी पट्टी गोल आहे की पन्हळीची ते पाहा, मग बोल्ट. उलट्या क्रमाने पाहणारा हमखास फसतो. आणि नवा भाग बसवून घेतलात, तर काढलेला झिजका भाग भंगारवाल्याला देऊ नका. तारेने चिठ्ठी बांधून माळ्यावर टाका. पुढचा मिस्त्री माप त्याचेच घेणार आहे.