पाटीवरची गोष्ट आणि उधारीची वही : लंडनच्या ‘बियर माइल’वरची एक पायपीट



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला फोन करून विचारलं, “सर, तत्त्वज्ञान सोडून आता बियर?” सोडलेलं काहीच नाही. मी पस्तीस वर्षं वर्गात कार्यकारणभाव शिकवला, आजही तोच शिकवणार आहे. फक्त आजचा वर्ग लंडनमध्ये, रेल्वेच्या कमानींखाली भरेल. आणि वर्ग संपायच्या आत मला एक चूक कबूल करायची आहे. ती माझीच आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

आधी जागा सांगतो. थेम्स नदीच्या दक्षिण काठावर बर्मंडसी नावाचा जुना भाग आहे. लंडन ब्रिज स्टेशनपासून आग्नेयेकडे रेल्वेचा एक लांबच लांब विटांचा पूल जातो. लंडन आणि ग्रेनिच रेल्वेचा हा मार्ग १८३६ साली सुरू झाला. लंडनमधली ही पहिली प्रवासी रेल्वे. पूल जवळजवळ ८७८ कमानींचा. या कमानी भाड्याने देऊन पैसा उभा करावा, असं सुरुवातीपासूनच कंपनीच्या मनात होतं. गेल्या पंधरा वर्षांत याच कमानींमध्ये छोट्या छोट्या ब्रुअरी आल्या. पुढे नळ, दोनचार बाकं, मागे स्टीलच्या टाक्या. जिथे बियर तयार होते तिथेच ती प्यायची, याला तिथे टॅपरूम म्हणतात. शनिवारी लोक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातात. म्हणून रस्त्याला नाव पडलं ‘बर्मंडसी बियर माइल’. मैल नावापुरताच, चालताना तो त्याहून लांब निघतो.

माझी भाची तिथे नोकरीला आहे. ती म्हणाली, “मामा, गाईड घ्यायचा नाही. नकाशा फोनवर आहे, चालायचं आपलं आपण.” मला ते आवडलं. आपल्याकडे ‘गाईड’ म्हणजे परीक्षेचं, तयार उत्तरांचं. आयुष्यभर पोरांना सांगत आलो की गाईड वापरू नका. म्हटलं, चला, आता स्वतः करून बघू. पिण्याच्या बाबतीत काळजी करू नका. तिथे पाइंटच्या एक तृतीयांशाचं कायदेशीर माप मिळतं, म्हणजे साधारण १९० मिलिलिटर. त्यातलंही निम्मं भाचीने संपवलं.

आम्ही सुरुवात जरा पश्चिमेला, सदर्कपासून केली. सदर्क स्ट्रीटवर हॉप एक्स्चेंजची इमारत आहे, १८६७ सालची. हॉप्स म्हणजे बियरला कडवटपणा देणारी वेलीवरची फुलं. ती केंट परगण्यातून इथे विकायला येत. वरती काचेचं छप्पर, कारण मालाची पारख सूर्यप्रकाशातच करायची. आपल्याकडचे कापसाचे किंवा हळदीचे व्यापारी असतात ना, मूठभर माल उजेडात नेऊन बघणारे, तसंच.

तिथून जवळच पार्क स्ट्रीट. इथे अँकर ब्रुअरी होती, एके काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या ब्रुअरींपैकी एक. मालक हेन्री थ्रेल हे डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचे स्नेही. इंग्रजी शब्दकोशाचे कर्ते ते हेच जॉन्सन. थ्रेल वारल्यावर १७८१ साली ब्रुअरी बार्कले आणि पर्किन्स यांना १,३५,००० पौंडांना विकली गेली आणि त्या विक्रीत मृत्युपत्राचे एक व्यवस्थापक म्हणून जॉन्सन होते. आज तिथे ब्रुअरी नाही, भिंतीवर पाट्या आहेत. त्यातली एक वाचून मी थांबलो. १८५० साली ऑस्ट्रियाचा जनरल हायनाउ ही ब्रुअरी बघायला आला. इटली आणि हंगेरीतले उठाव याने अत्यंत क्रूरपणे चिरडले होते. ब्रुअरीतल्या गाडीवानांनी आणि हमालांनी त्याला ओळखलं, झाडूने बडवलं, चिखलफेक केली आणि रस्त्याभर पिटाळलं. पुढे १८६४ साली गॅरिबाल्डी लंडनला आले, तेव्हा या कामगारांचे आभार मानायला मुद्दाम इथे आले. ब्रुअरीच्या इतिहासात मालकांची नावं सगळीकडे सापडतात, गाडीवानांची इतकीच एक नोंद.

मग पूर्वेकडे वळून ड्रुइड स्ट्रीटवर आलो. इथून खरा बियर माइल सुरू होतो. शनिवारची दुपार, कमानीकमानीतून हसण्याखिदळण्याचा आवाज. आणि त्याच रस्त्यावर एका कमानीपाशी निळी पाटी. २५ ऑक्टोबर १९४० च्या रात्री जर्मन बाँब पुलातून थेट खाली आला. कमानीत माणसं आसऱ्याला बसली होती. ७७ जणं गेली. भाची गप्प झाली. मग म्हणाली, “इथून मी किती वेळा गेले असेन मामा, ही पाटी कधी वाचलीच नव्हती.” गाईड नसल्याचा तोटा हा, आणि फायदाही हाच. थांबायचं कुठे हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

आता मुद्द्याकडे येतो. पुढच्या एका टॅपरूममध्ये, नाव घेत नाही, भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘इंडिया पेल एल’ या बियरची जन्मकथा रंगवली होती. तुमच्यापैकी अनेकांनी ती ऐकली असेल. इंग्रज भारतात आले. त्यांना बियर हवी. जहाजाला आफ्रिकेला वळसा घालून यायला चारपाच महिने, वाटेत दोनदा विषुववृत्त, बियर नासायची. मग लंडनच्या हॉजसन नावाच्या हुशार ब्रुअरने युक्ती काढली: हॉप्स वाढवा, दारूचं प्रमाण वाढवा. ती बियर टिकली. झाली इंडिया पेल एल, म्हणजेच आयपीए.

मी भाचीला म्हटलं, “ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचो.” खरंच सांगायचो. ‘गरज ही शोधाची जननी’ याचं उदाहरण म्हणून. समस्या, बुद्धी, उपाय, फळ्यावर बाण काढून. गोष्ट इतकी नेटकी की तपासावी असं कधी वाटलंच नाही.

तिथून आम्ही डॉकली रोडवर ‘द कर्नल’ या ब्रुअरीपाशी गेलो. या भागातली नव्या पिढीची ही पहिली ब्रुअरी, २००९ सालची. सुरू करणारे एव्हिन ओ’रिओर्डेन हे चीजच्या धंद्यातून आलेले. तिथल्या बाटल्यांवर चित्रं नाहीत, नुसती तपकिरी कागदाची साधी चिठ्ठी. भाचीने एक बाटली उचलून वाचलं, “एक्स्पोर्ट इंडिया पोर्टर.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मामा, पोर्टर म्हणजे काळी बियर ना? फिकट बियरच टिकायची म्हणताय, तर मग ही भारतात कशी पोचली?”

मंडळी, पस्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांना दोष देत नाही. गुरुजींनी बाण इतके सरळ काढले होते!

न्यायशास्त्रात आपण कारण कसं तपासतो? अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तिथे कार्य असलं पाहिजे, हा अन्वय. कारण नसेल तिथे कार्यही नसलं पाहिजे, हा व्यतिरेक. ‘नवी युक्ती केलेली फिकट बियर’ हेच जर टिकण्याचं कारण, तर बाकीच्या बियर नासायला हव्या होत्या. नासत नव्हत्या. अठराव्या शतकाच्या अखेरीच्या कलकत्त्यातल्या जाहिरातींमध्ये लंडनची पोर्टर आणि पेल एल दोन्ही विकायला आहेत. पुढे ईस्ट इंडिया कंपनी आपल्या सैनिकांसाठी पोर्टरच मागवत राहिली. पोर्टर हे नावच लंडनच्या हमालांवरून पडलेलं, म्हणजे कष्टकऱ्यांचं पेय. शिपायाला काळी पोर्टर, साहेबाला फिकट एल, अशी ढोबळ विभागणी होती. तेव्हा व्यतिरेक मोडला. पाटीवरची गोष्ट तिथेच लंगडी झाली.

बियरचे इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी जुनी कागदपत्रं चाळून हेच दाखवलं. हॉजसनने भारतासाठी म्हणून खास बियर शोधली, याला पुरावा नाही. लांबच्या आणि उष्ण प्रवासाला निघालेल्या बियरमध्ये हॉप्स जास्त घालावेत, हे ब्रुअरना आधीपासून ठाऊक होतं. दारूचं प्रमाणही त्या काळच्या मानाने काही जास्त नव्हतं.

मग हॉजसनच का? याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते आपल्या वाण्याच्या दुकानात सापडतं. हॉजसनची ब्रुअरी बो या भागात होती, १७५२ साली सुरू झालेली. जवळच ब्लॅकवॉल, जिथे कंपनीची पूर्वेला जाणारी जहाजं नांगरून असत. जहाजाच्या कप्तानांना स्वतःच्या खासगी व्यापारासाठी जहाजात थोडी जागा मिळायची. भारतातल्या साहेबलोकांना विकायला ते हॅम, चीज, काचेची भांडी, बियर असलं काय काय न्यायचे. हॉजसन त्यांना जवळ पडायचा, आणि महत्त्वाचं म्हणजे तो उधार द्यायचा. तब्बल १८ महिन्यांपर्यंत. माल न्या, विका, परत या, मग पैसे द्या. आपल्या गल्लीतल्या वाण्याचंही असंच असतं ना? त्याची डाळ सगळ्यात चांगली म्हणून नाही, वही आहे म्हणून आपण त्याच्याकडे जातो.

प्रवासात ती बियर मुरायची आणि चवीला उतरायची, हे खरं. पण तो परिणाम होता, हेतू नव्हे. आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. जुन्या पंडितांनी याला काकतालीय न्याय असं नाव दिलंय. ‘ती भारतात टिकली’ या घटनेचं आपण ‘ती भारतासाठी बनवली’ असं करून टाकलं. घटनेत हेतू घुसवला की गोष्ट गोड होते.

पुढचा भाग तर शुद्ध व्यापाराचा आहे. १८२० च्या सुमारास हॉजसनच्या वारसांना हाव सुटली. त्यांनी भाव वाढवले, उधारी बंद केली आणि कप्तानांना वगळून भारतात स्वतःच विक्री करायचा घाट घातला. कंपनीचे लोक चिडले. १८२२ साली कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरिबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युएल ऑलसॉप यांना गाठलं आणि तशीच बियर करून बघा म्हणून सुचवलं. जकातीमुळे बर्टनकरांची रशियातली बाजारपेठ तेव्हा हातची गेली होती, त्यांनाही गिऱ्हाईक हवंच होतं. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यात फिकट, कडवट बियर उत्तम उतरते. हॉजसन मागे पडला, बर्टन पुढे गेलं. आणि ‘इंडिया पेल एल’ हे नाव छापील जाहिरातींत दिसतं ते त्यानंतर, १८२९ च्या सुमारापासून. म्हणजे नाव आलं तोवर हॉजसनचा सुवर्णकाळ सरत आलेला!

परत येताना मी हाच चाळणा आजच्या कमानींना लावला. या ब्रुअरी इथेच आणि आत्ताच का आल्या? पाट्यांवर उत्तर असतं: ध्येयवेड, हस्तकला. ते खोटं नाही. पण ध्येयवेडी माणसं १९८० सालीही असतीलच. मग काय बदललं? २००२ साली ब्रिटिश सरकारने छोट्या ब्रुअरींचा कर कमी केला. वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत बियर करणाऱ्याला तेव्हा निम्माच कर ठेवला. दुसरीकडे बर्मंडसीतले जुने धंदे गेले होते. कातडी कमावण्याचे कारखाने गेले, पीक फ्रीनचा प्रसिद्ध बिस्किटांचा कारखाना १९८९ साली बंद पडला. टॉवर ब्रिजला लागून असलेल्या करेजच्या ब्रुअरीत आज महागडे फ्लॅट आहेत. कमानी मात्र रिकाम्या आणि तुलनेने स्वस्त होत्या. कर आणि भाडं. पुन्हा वहीच!

आणि वही उलटूही शकते. २०१९ साली रेल्वेने इंग्लंड-वेल्समधल्या अशा ५,२०० हून अधिक मालमत्ता, बहुतेक कमानीच, खासगी गुंतवणूकदारांना सुमारे १.४६ अब्ज पौंडांना दिल्या. भाडेवाढीच्या भीतीने भाडेकरूंना संघटना काढावी लागली. कारण नीट ओळखण्याचा उपयोग इथे कळतो. ‘ध्येयवेडामुळे ब्रुअरी चालतात’ असं मानलं, तर बंद पडणाऱ्याला आपण म्हणणार, याचं ध्येय कमी पडलं. आपल्या गावातल्या बंद पडलेल्या हातमागाबद्दल, बुडालेल्या शेतकऱ्याबद्दल आपण हेच बोलत नाही का? चुकीचं कारण माणसावर अन्याय करतं. म्हणून ते तपासायचं.

जाता जाता घरचं एक उदाहरण. द कर्नल सुरू झाली त्याच २००९ साली पुण्यात एक मायक्रोब्रुअरी सुरू झाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. नाव ‘डूलाली’. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ डोकं फिरलेला. मूळ आपलं नाशिकजवळचं देवळाली. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई कंटाळून जात. जुना प्रयोग ‘डूलाली टॅप’ असा होता. हा टॅप नळाचा नव्हे बरं का, तो आपला ‘ताप’! त्या शिपायांच्या पेल्यातही बहुधा साहेबांची आयपीए नसणार, पोर्टरच असणार. पाटीवर मात्र साहेबांचीच बियर राहिली.

तर माझी कबुली ही. ज्या विद्यार्थ्यांना मी ती हॉजसनची गोष्ट बाण काढून शिकवली, त्यांतले काही आज हे ऐकत असतील, काही स्वतः शिक्षक असतील. त्यांनी ती गोष्ट पुढे सांगितली असेल, तर कृपया पुढच्या तासाला दुरुस्त करा. आणि दुरुस्ती कुणाकडून आली असं मुलांनी विचारलं, तर सांगा, सरांच्या भाचीकडून.

आता तुमचे प्रश्न घेऊ.