दोराच्या पुढच्या टोकाचा वैमानिक

ग्लायडर म्हणजे इंजिनावांचून उडणारें विमान. आकाशांत तें घारीसारखें तरंगतें याचें कौतुक सर्वांनाच वाटतें. परंतु त्याला तेथवर ओढून नेणाऱ्या वैमानिकाची आठवण क्वचितच कोणास होते.

प्रारंभीं ग्लायडर टेकडीच्या उतारावरून रबरी दोरानें सोडीत. पुढें १९२७ सालीं जर्मनींतील कासेल येथें गेरहार्ड फीझेलर यानें गॉटलोब एस्पेनलाउब याचें ग्लायडर विमानामागें दोरानें बांधून वर नेलें. सपाट प्रदेशांतहि ग्लायडर उडूं शकेल हें त्यामुळें सिद्ध झालें.

मात्र या सोप्या रीतीच्या पोटांत एक मोठें भय दडलेलें होतें. दोर विमानाच्या शेपटीस अडकविलेला असतो. मागचें ग्लायडर एकाएकीं फार वर चढलें, तर तें शेपटी वर उचलतें व विमानाचें नाक खालीं जातें. हें सारें अवघ्या कांहीं सेकंदांत घडतें. वैमानिकानें दांडा कितीहि मागें ओढला तरी विमान सावरत नाहीं. दोर सोडावा, तर ताणामुळें आंकडाच अडकून बसण्याचा संभव असतो. आणि दोर सुटला तरी सावरण्यापुरती उंची जमिनीजवळ नसते. अशा वेळीं चूक मागच्याची असते, पण प्राण बहुधा पुढच्याचे जातात.

युद्धकाळांत हा खेळ अधिकच भयंकर झाला. १० मे १९४० रोजीं जर्मन सैनिक बेल्जममधील एबेन-एमाएल किल्ल्यावर ग्लायडरांतून उतरले. पण त्यांचा नायक विट्झिग याच्या ग्लायडराचा दोर वाटेंतच तुटला, कारण टक्कर टाळण्यासाठीं पुढच्या वैमानिकास विमान एकदम वळवावें लागलें. १९४१ सालीं तर ५५ मीटर पंखांचें 'गिगांट' ग्लायडर ओढण्यास तीन विमानें एकदम जुंपलीं गेलीं. त्यांपैकीं एक चुकलें कीं चौघांवरहि संकट ओढवे, आणि तसे अपघात घडलेहि.

या अनुभवांतून उपाय निघाले. दोरांत मुद्दाम एक दुबळा दुवा ठेवतात. पुढच्या वैमानिकासमोर आरसा बसवितात. भर ताणांतहि सुटेल असा आंकडा वापरतात. पण सर्वांत मोलाचा नियम यंत्राचा नाहीं, माणसाचा आहे. पुढचें विमान दृष्टीआड होतांच ग्लायडरवाल्यानें क्षणाचाहि विलंब न लावतां दोर सोडावा, हें प्रत्येक शिकाऊ उमेदवारास प्रथम शिकवितात. दोर एक, पण त्याच्या टोकांवर जीव दोन. आणि मागच्यानें डोळ्यांत तेल घालून पाहिलें, तरच पुढचा निर्धास्त राहतो.