काना-वेलांटीची तक्रार

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला एक साधा प्रश्न विचारता येतो : दिलेल्या मजकुरात सगळी अक्षरेच आहेत का? 'घर' हा मजकूर दिला तर उत्तर येते 'होय'. 'मराठी' दिला तर उत्तर येते 'नाही'. मजकुरातले शब्द सुटे करून देणारे एक साधनही या भाषेसोबत येते. त्याच्यापुढे 'मराठी' हा शब्द ठेवला, तर ते दोन तुकडे हातात देते : 'मर' आणि 'ठ'. काना आणि वेलांटी गळून पडतात. 'कन्नड' लिहिले तर 'कन' आणि 'नड' मिळतात, कारण मधला हलन्त त्याला ओळखू येत नाही. 'बंगळूर'चे 'ब', 'गळ' आणि 'र' होतात. ज्या शहरात असंख्य लोक या भाषेवर पोट भरतात, त्या शहराचे नाव तिला सलग वाचता येत नाही.

बाराखडी शिकलेल्या मुलाला याचे हसू येईल. 'का' हे अक्षर नाही, 'क' हे अक्षर आणि त्यापुढचा काना म्हणजे काहीतरी वेगळे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते. पण युनिकोडमध्ये जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक खुणेला एक क्रमांक आणि एक वर्ग दिलेला आहे. त्यात 'क' हा अक्षरांच्या वर्गात मोडतो. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे चिन्हांच्या वर्गात. ही विभागणी तशी चुकीची नाही. चूक त्यापुढची आहे. शब्द म्हणजे अक्षरे, आकडे आणि खालची रेघ एवढेच, असे त्या साधनाने धरले आणि चिन्हांना शब्दाबाहेर काढले. रोमन लिपीत हे बहुतेक वेळा खपून जाते, कारण तिथे स्वर स्वतंत्र अक्षर म्हणून ओळीत बसतो. आपल्याकडे तो व्यंजनाच्या अंगाखांद्यावर बसतो.

मात्र ही भाषा देवनागरीला सरसकट परकी मानते असेही नाही. '१२३' हा देवनागरी मजकूर दिला, तर ती त्याची संख्या करते आणि त्यात एक मिळवून एकशे चोवीस असे उत्तर देते. प्रोग्रॅममधली नावे इंग्रजीबाहेरच्या लिप्यांतही लिहिता यावीत, असा प्रस्ताव मार्टिन फॉन लोविस यांनी २००७ मध्ये मांडला. त्यावर बराच वाद झाला, तरी तो स्वीकारला गेला. आज्ञांचे शब्द इंग्रजीच राहिले. पण एखाद्या राशीला 'मराठी' असे नाव देता येऊ लागले आणि तिथे काना-वेलांटीसकट ते एकच नाव मानले जाते. म्हणजे एकाच घराच्या एका खोलीत 'मराठी' हा अखंड शब्द आहे आणि दुसऱ्या खोलीत त्याचे दोन तुकडे आहेत. खोल्या वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या काळात बांधल्या, हे त्याचे कारण. पायथनचा इतिहास या विसंगतीत वाचता येतो.

अॅमस्टरडॅममधल्या गणित आणि संगणकशास्त्राच्या एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या खिदो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ही भाषा लिहायला घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांनी तिची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. कोणीही ती फुकट घ्यावी, वापरावी, बदलावी. लोकांनी ती घेतली, आणि काहींनी बदल परत पाठवायला सुरुवात केली. २००० मध्ये बदलांचे प्रस्ताव क्रमांक देऊन लेखी मांडण्याची रीत पडली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत युनिकोड आले, पण पाहुण्यासारखे ओसरीवर बसून राहिले. ते माजघरात आले डिसेंबर २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत. तेव्हापासून या भाषेत मजकूर म्हणजे युनिकोड मजकूर. त्यासाठी जुने प्रोग्रॅम मोडावे लागले. लोकांना ते इतके जड गेले की दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबेपर्यंत अकरा वर्षे दोन्ही भाषा शेजारी-शेजारी नांदत होत्या.

एवढा काळ हे सगळे कोण सांभाळत होते? अंतिम शब्द व्हान रॉसम यांचा असे. जुलै २०१८ मध्ये, एका छोट्या नव्या खुणेवरून झालेल्या कडवट वादानंतर, ते त्या जागेवरून बाजूला झाले. २०१९ च्या सुरुवातीपासून मुख्य विकसकांनी निवडून दिलेले पाच जणांचे मंडळ कारभार पाहते. पण रोजचे काम राजाच्या काळात आणि मंडळाच्या काळात सारखेच आहे. कोणीतरी तक्रार नोंदवते. दुसरे कोणी तसे खरेच घडते का ते पडताळते. तिसरे दुरुस्ती लिहिते, ती पुन्हा मोडू नये म्हणून चाचणी लिहिते, माहितीपत्रकात दोन ओळी घालते. मग मुख्य विकसकांपैकी एक जण ते वाचतो, शंका काढतो, परत पाठवतो. जुने काही बंद करायचे असेल, तर किमान दोन आवृत्त्या आधीपासून तसा इशारा द्यावा लागतो. यातला मोठा वेळ लिहिण्यात जात नाही, वाचण्यात जातो. काहींना नोकरीच्या ठिकाणाहून त्यासाठी थोडी मोकळीक मिळते, बहुतेकांना रात्री आणि रविवारी. या देखभालीसाठी पूर्ण वेळ पगारी माणूस पहिल्यांदा नेमला गेला तो २०२१ मध्ये, म्हणजे भाषा तिशी गाठल्यावर.

बंगळूर या कथेत येते ते आधी वापरणाऱ्यांचे शहर म्हणून. ऑगस्ट १९९५ मध्ये विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, पण मोडेम संथ आणि तास महाग. १९९६ मध्ये 'पीसी क्वेस्ट' मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली, तेव्हा कितीतरी जणांच्या हातात मुक्त सॉफ्टवेअर पहिल्यांदा पडले. त्या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते : जर्मनीत जन्मलेले, बेळगावात शिकलेले आणि बंगळुरात स्थिरावलेले. २००१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 'लिनक्स बँगलोर' हे संमेलन सुरू केले. २००५ मध्ये त्याचे नाव 'फॉस डॉट इन' झाले. नावाबरोबर हळूहळू हेतूही बदलला. भाषणे ऐकून घरी जाणाऱ्यांपेक्षा, बसून काहीतरी लिहून, दुरुस्त करून मूळ प्रकल्पाकडे पाठवणाऱ्यांसाठी संमेलन असावे, असा आग्रह वाढत गेला. हा आग्रह लोकप्रिय होण्यासारखा नव्हता. वापरणारे पुष्कळ होते, परत देणारे मोजके, आणि चिटणीस हे तोंडावर सांगत. २०१२ चे संमेलन शेवटचे ठरले. जून २०१३ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, ते कर्करोगाने गेले.

तोवर पायथनच्या मंडळींनी आपला वेगळा मेळा उभा केला होता. भारतातली पहिली 'पायकॉन' सप्टेंबर २००९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत भरली, स्वयंसेवकांच्या बळावर. २०१० मध्ये ती पुन्हा याच शहरात झाली आणि २०११ मध्ये पुण्याला गेली. तिथे पायथनच्या मुख्य विकसकांपैकी रेमंड हेटिंजर बोलायला आले होते. या घडणीत उटीचे केनेथ गोन्साल्व्हिस यांचा मोठा वाटा. २०१२ मध्ये ते गेले. तेव्हापासून पायथनसाठी झटणाऱ्या माणसाला त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. राहिलेल्या माणसांत सेंथिल कुमारन यांचेही नाव घ्यायला हवे. २००७ च्या 'गूगल समर ऑफ कोड'मध्ये एका उन्हाळ्यापुरते विद्यार्थी म्हणून ते आले, वेबपत्ते वाचणाऱ्या विभागाचे काम हाती घेतले आणि पुढे मुख्य विकसक झाले. उन्हाळा संपल्यावर न जाणे, यालाच देखभाल म्हणतात.

आता पुन्हा काना-वेलांटीकडे येऊ. देवनागरी मजकुरातले शब्द बारीक तुकड्यांत कापले जातात, ही तक्रार पायथनच्या दप्तरी एप्रिल २००७ मध्येच नोंदली गेली. मात्रांना शब्दाचा भाग मानले जात नसावे, हे निदानही तक्रारकर्त्याने तिथेच केले होते. ऑगस्ट २०११ मध्ये टॉम ख्रिस्तियनसेन यांनी तोच दोष युनिकोडच्या नियमांचे दाखले देऊन सविस्तर मांडला. ते मुळात पर्ल या प्रतिस्पर्धी भाषेतले नामांकित लेखक. शेजारच्या घराची गळती त्यांनी येऊन दाखवली. दरम्यान, २००८ पासून हे शब्द शोधणारे साधनच नव्याने लिहिण्याची खटपट सुरू झाली होती. मॅथ्यू बार्नेट यांनी ते लिहिले, आणि त्यात 'मराठी' हा शब्द अखंड राहतो. परंतु ते मूळ भाषेत सामील झाले नाही. ज्याला हवे त्याने वेगळे उतरवून घ्यावे, अशा रूपात बार्नेट यांनी वर्षानुवर्षे ते सांभाळले.

मूळ साधनातला दोष मात्र आवृत्तीमागून आवृत्ती तसाच राहिला. यात कोणाचा द्वेष नाही. 'शब्द म्हणजे काय' याचा अर्थ बदलला, तर जुन्या अर्थावर विसंबलेले जगभरचे प्रोग्रॅम वेगळे वागू लागतील, ही भीती खरी आहे. देखभाल करणाऱ्याला मोडलेले दुरुस्त करायचे असते, तसेच चालते आहे ते मोडायचे नसते. पण अशा पेचातूनही वाट निघते. युनिकोडसाठी याच भाषेने अकरा वर्षांची ओढाताण सोसली. वाट निघण्यासाठी कोणीतरी तक्रारीपाशी बसून राहावे लागते : नवा अर्थ नेमका शब्दांत मांडायचा, चाचण्या लिहायच्या, आक्षेपांना उत्तरे द्यायची, सहा महिन्यांनी पुन्हा आठवण करायची. ज्यांच्या स्वतःच्या नावात काना-वेलांटी येत नाही, त्यांनी हे आपल्यासाठी करावे अशी अपेक्षा किती काळ धरायची?

मराठी, कन्नड किंवा हिंदी मजकुरावर काम करणाऱ्यांपुढे सोपा मार्ग वेगळा असतो. बार्नेट यांचे साधन घ्यायचे, किंवा देवनागरीच्या क्रमांकांची यादी स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये लिहून टाकायची. काम भागते. ती यादी त्या कचेरीतच राहते आणि पुढच्या कचेरीत पुन्हा कोणीतरी ती लिहिते. ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांत समासात पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या दिसतात. वाचक जाणता असतो, चूक अचूक हेरलेली असते, नंतरच्या वाचकाचीही सोय होते. पण फक्त त्या एका प्रतीपुरती. पुढची आवृत्ती निघते ती तीच चूक घेऊन, कारण कोणी छापखान्याला कळवलेले नसते. अनुवाद करणाऱ्यांना हे चांगले माहीत आहे. पुनर्मुद्रणाच्या वेळी शुद्धिपत्र प्रकाशकापर्यंत पोहोचवणे हे अनुवादाइतकेच काम आहे, आणि त्याचे मानधन नसते.

भाषा बोलणाऱ्यांची असते, असे आपण मराठीबद्दल सहज म्हणतो. पायथनच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. तिचा छापखाना उघडा आहे, दाराशी पहारेकरी नाही, आणि आपली तक्रार २००७ पासून तिथे नोंदलेली आहे. तिच्यापाशी बसायला मात्र बंगळुरातून, पुण्यातून किंवा बेळगावातून कोणीतरी जायला हवे.